नाशिकची घरं आणि बिऱ्हाडं : कुटुंब कसं बदलत गेलं, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास्तरकीच्या नोकरीत जनगणनेचं काम वाट्याला येतंच. प्रगणक म्हणून मी आधी जुन्या नाशकात आणि पुढे सिडकोत, म्हणजे सिडको महामंडळानं वसवलेल्या नव्या वस्तीत, दारोदार फिरलो. तेव्हापासून लोक मला कुटुंबाबद्दल हमखास काहीतरी विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळ्या प्रश्नांत सारखा दम नाही.

जनगणनेत 'कुटुंब' म्हणजे नेमकं काय धरतात?

चूल. जी माणसं एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ती एक कुटुंब. नातं असलंच पाहिजे असं नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका खोलीत राहून डाळभात शिजवणारे चार कामगार कागदावर एक कुटुंब होतात. उलट एकाच घरात वर-खाली राहणारे दोन सख्खे भाऊ, गॅस वेगळा असेल तर, दोन कुटुंबं होतात.

दारात खरी गंमत इथेच व्हायची. ओसरीवर बसलेले दादा ठासून सांगायचे, "लिहा मास्तर, आम्ही सगळे एकत्रच आहोत." मी लिहायला घेणार, तेवढ्यात आतून आवाज यायचा, "एकत्र कसले? गॅस वेगळा केला ना मागच्या दिवाळीला!" मग दादा छताकडे बघायचे आणि मी दुसरा फॉर्म काढायचो. तेव्हापासून माझा नियम ठरला, की चुलीचा प्रश्न घरातल्या बाईलाच विचारायचा.

मग 'एकत्र कुटुंब' कशाला म्हणायचं?

इरावती कर्वे यांनी पाच खुणा सांगितल्या होत्या : एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि आपसातलं नातं. पाचही जुळणारं घर आज नाशकात सापडेल, पण शोधावं लागेल. बहुतेक घरांत दोन-तीन जुळतात. छप्पर वेगळं, चूल वेगळी, पण सातबारा एक. किंवा सगळं वेगळं, पण देवाचे टाक थोरल्याकडे, गौरी थोरल्याकडे आणि चैत्रात वणीच्या गडावर सगळे एकाच गाडीत.

मोजणाऱ्यांचा हिशोब आणखी काटेकोर असतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ पॉलीन कोलेंडा यांच्या १९६८ च्या वर्गवारीनुसार एकत्र कुटुंब म्हणायला नात्यातली किमान दोन विवाहित जोडपी लागतात. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि नातू असं घर एकत्र. आजोबा गेले की तेच घर 'भर पडलेलं विभक्त' (एक जोडपं, त्यांची मुलं आणि जोडीला एखादं एकटं नातलग) या खान्यात जातं. कोणी घर सोडलेलं नसतं, भांडण झालेलं नसतं, तव्यावरची भाकरीही तीच. वर्ग मात्र बदलला. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतील.

पूर्वी सगळेच एकत्र कुटुंबात राहायचे ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. नाही, सगळे राहत नव्हते.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण मोठी माणसंही आजच्याइतकी जगत नव्हती. सून आली तेव्हा सासरे हयात असणं, आणि नातवाच्या लग्नापर्यंत ते टिकणं, ही नशिबाची गोष्ट होती. तीन पिढ्या एका घरात नांदायला तीन पिढ्या जिवंत तर हव्यात. भावाभावांनी बाप गेल्यावर वाटे करून घेण्याची चालही जुनीच आहे; 'भाऊबंदकी' काही फ्लॅट संस्कृतीनं आणलेली नाही. पाच मुलगे, पाच सुना आणि अंगणभर नातवंडं असं भरलेलं घर होतंच, पण ते बहुधा जमीनजुमला असलेल्यांचं. आठवणी त्यांच्याच उरतात, फोटोही त्यांच्याच घरात निघाले.

आकड्यांतही हे दिसतं. १९५१ साली भारतात दर कुटुंबामागे सरासरी माणसं पाचच्या आसपास होती. पुढे ती कमी होण्याऐवजी वाढली. १९७१, १९८१ आणि १९९१ च्या जनगणनांत ती साडेपाचच्या घरात होती. देवी, मलेरिया आटोक्यात आले, पोरं जगू लागली, म्हातारीकोतारी टिकू लागली. म्हणजे ज्या काळात 'एकत्र कुटुंब मोडलं' अशी ओरड सर्वांत जोरात होती, त्याच काळात घरात माणसं जास्त होती. खरी घसरण नंतरची : २००१ साली ५.३ आणि २०११ साली ४.९.

ही घसरण कुटुंबं फुटल्यामुळे झाली का?

बरीचशी पोरं कमी झाल्यामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होती, २०१९-२१ मध्ये १.७. नवरा-बायको-मुलं असं विभक्त घर तेव्हाही होतंच, पण पोरं चार होती. आता एक, फार तर दोन. घराचा प्रकार तोच राहून घर लहान झालं. या दोन गोष्टी वर्तमानपत्रांत नेहमी एकत्र कालवतात.

शहरात विभक्त कुटुंबं वाढत चालली आहेत, हे तरी खरं ना?

जनगणनेनुसार २००१ ते २०११ या दहा वर्षांत भारतातल्या शहरांत विभक्त कुटुंबांचं प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आलं. खेड्यांत ते ५१ वरून ५२ वर गेलं. म्हणजे शहरात किंचित घटलं आणि खेड्यात किंचित वाढलं, नेमकं आपल्या समजुतीच्या उलट.

कारणं नाशकातल्या कुठल्याही सोसायटीत बघायला मिळतात. दुसरा फ्लॅट घ्यायचा तर हप्ता परवडत नाही. सून नोकरीला जाते, मग बाळाला सांभाळायला सासू किंवा आई हवीच. पाळणाघरापेक्षा आजी बरी, आणि स्वस्तही. गावाकडचे आईवडील थकले की शहरातल्या मुलाकडे येतात. खेड्यात मात्र मळ्यात वस्ती करून राहायला जागा असते, त्यामुळे वेगळी चूल मांडणं सोपं जातं.

आणखी एक खाचखळगा आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण एकट्या राहणाऱ्या माणसालाही 'विभक्त' मध्येच धरतं. त्यामुळे त्याचे आणि जनगणनेचे टक्के शेजारी ठेवून भांडू नये.

जुने वाडे म्हणजे एकत्र कुटुंबाची घरं होती, बरोबर?

मालकाच्या बाजूनं बघितलं तर हो. तिवंधा, तांबट लेन, पंचवटी इथल्या वाड्यांत माडीवर मालक असायचा, पण खाली चौकाभोवतीच्या खोल्यांत भाडेकरूंची बिऱ्हाडं. नळ सामाईक, संडास सामाईक, चुली बिऱ्हाडागणिक. एका दिंडी दरवाजाआड सहा-सात कुटुंबं मोजलेली मला आठवतात, आणि त्यातलं एखादंच खऱ्या अर्थानं एकत्र. बाकी नवरा-बायको-मुलं, किंवा एकटी विधवा बाई आणि तिच्याकडे शिकायला ठेवलेला भाचा.

पण शेजार इतका लगटून होता, की कुणाचं पोर कुणाकडे जेवलं याचा हिशोब नसे. आज लोक 'एकत्र कुटुंबाची मजा' म्हणून जी आठवण सांगतात, ती पुष्कळदा या चौकाची असते. सख्खा काका असायचा धुळ्याला. ज्यांना काका म्हणत ते शेजारचे.

वाडे पुढे कसे रिकामे झाले तेही बघा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, दुरुस्ती मालकाला परवडेना. मालकाची मुलं गंगापूर रोड, कॉलेज रोडला गेली, भाडेकरू मागे राहिले. वारस वाढत गेले आणि कागदावर एवढ्या सह्या लागू लागल्या, की वाडा विकताही येईना. दर पावसाळ्यात एखाददुसरी भिंत कोसळल्याची बातमी येते, तिच्यामागे बहुधा हीच कथा असते. ज्यांचं जुळलं, त्यांच्या वाड्याच्या जागी इमारत झाली आणि प्रत्येक वारसाला एकेक फ्लॅट आला. सगळे भाऊ पुन्हा एका छपराखाली, दारं तेवढी निराळी.

नाशकात हा बदल कशानं घडला?

एका शब्दात, पगारानं. नाशिकरोडचा छापखाना १९२० च्या दशकातला. १९६४ पासून ओझरला एचएएलचा विमान कारखाना, त्याच दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत, नंतर अंबड. शेतीच्या घरात पैसा एका गाठोड्यात असतो आणि गाठ बापाच्या हातात. पगार मात्र मुलाच्या हातात येतो. ओझर टाउनशिपचं क्वार्टर मिळालं की जोडपं आपोआप वेगळं झालं, कुणाशी भांडावं लागलं नाही.

१९८२ साली नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली मिळून महापालिका झाली. शहराची वस्ती १९९१ साली ६.५७ लाख होती, २००१ साली १०.७७ लाख आणि २०११ साली १४.८६ लाख. ही भर नुसत्या बाळंतपणांनी पडत नाही. खानदेशातून, कसमादे पट्ट्यातून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), नगरकडून माणसं आली. सिडकोच्या कित्येक गल्ल्यांत आजही मराठीइतकीच अहिराणी ऐकू येते.

सिडकोची घरं हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एक-दोन खोल्यांचं घरकुल जोडप्यासाठी बांधलं. मोठा मुलगा लग्नाचा झाला तेव्हा वर स्लॅब पडला. धाकट्याच्या वेळी आणखी एक. जिना बाहेरून घेतला, कारण पुढे चुली वेगळ्या होणार हे आईला तेव्हाच दिसत होतं. खाली म्हातारा-म्हातारी, पहिल्यावर थोरला, दुसऱ्यावर धाकटा. भाजी जिन्यानं वर-खाली होते, नळपट्टी एक, मीटर तीन. हे एकत्र की विभक्त? जनगणनेला विचाराल तर तीन कुटुंबं. आईला विचाराल तर ती रागानं बघेल.

एकच घर वेगवेगळ्या प्रकारांतून जातं, म्हणजे कसं?

मला या सगळ्यात खरी महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उदाहरण बनवलेलं आहे, पण असली घरं सिडकोत गल्लोगल्ली आहेत.

समजा, १९७१ साली निफाड तालुक्यात आईबाप, दोन मुलगे, थोरली सून असं घर आहे. दोन जोडपी, म्हणजे एकत्र. १९७८ च्या सुमारास धाकटा आयटीआय करून सातपूरला लागतो आणि मित्राबरोबर खोली घेतो. लग्न होतं. १९८१ च्या जनगणनेत तो, बायको आणि बाळ : विभक्त. १९९१ पर्यंत सिडकोत घर झालेलं असतं आणि थोरल्याचा मुलगा केटीएचएम कॉलेजला शिकायला काकाकडे राहतो : भर पडलेलं विभक्त. २००१ येईतो वडील गेलेले, पुतण्या नोकरीला लागून बाहेर पडलेला, आणि आई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे शहरात आलेली. पुन्हा भर पडलेलं, फक्त माणूस वेगळा. २०११ साली मुलाचं लग्न झालेलं, सून त्याच घरात : आता एकत्र. मग मुलगा पुण्याला हिंजवडीत जातो आणि घरात दोघंच उरतात. पुढे एक जण जातो, आणि जनगणनेच्या कागदावर येतं 'एकसदस्य कुटुंब'.

पन्नास वर्षांत या माणसानं जवळजवळ सगळे प्रकार पाहिले. 'मी विभक्त कुटुंबवाला' असं तो कधीच म्हणाला नसेल. प्रकार हा घराचा स्वभाव नसतो, तो त्या वर्षीचा मुक्काम असतो. दर दहा वर्षांनी एकदा मोजणाऱ्याला मुक्काम दिसतो, मधला रस्ता दिसत नाही. मधल्या काळात पुतण्याची फी भरली गेली, आईचं ऑपरेशन झालं, गावाहून द्राक्षांच्या पेट्या आल्या. यातलं काही फॉर्मवर येत नाही.

शेतकरी घरांत वाटण्या का वाढल्या?

जमिनीचे तुकडे आणि पैशाचे व्यवहार. महाराष्ट्रात सरासरी वहिवाट खातं, म्हणजे एका खातेदाराकडे कसायला असलेली जमीन, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. एवढ्याशा रानावर दोन सुनांचे दोन संसार एका हिशोबात बसत नाहीत. त्यात द्राक्ष हे कर्जाचं पीक. औषध, छाटणी, तारा, अँगल, सगळं उधारीवर, आणि एका गारपिटीत वर्ष जातं. कर्ज कुणाच्या नावावर, या प्रश्नानं जितकी घरं फुटली तितकी सासूसुनेच्या कुरबुरीनं फुटली नसतील.

तरी फुटतं ते ठरावीकच. चूल वेगळी होते, खातेफोड होते, सातबारे निराळे निघतात. विहीर मात्र सामाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. ट्रॅक्टर एकाचा, फवारणी दोघांची. दिंडोरी-निफाडला अशी अर्धी फुटलेली घरं हाच बहुधा नियम आहे.

आणि आदिवासी तालुक्यांत?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे कोकणा, महादेव कोळी, वारली घरांत लग्नानंतर जवळच वेगळं घर घालण्याची रीत पूर्वीपासून दिसते. तिथे 'मोडलेलं एकत्र कुटुंब' शोधणं हा आपला शहरी हट्ट. तिथला मोठा बदल हंगामी आहे. भात निघालं की जोडपी द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. वर्षातले काही महिने घर एका प्रकारचं, बाकीचे दुसऱ्या.

मुलींच्या हक्काचा कुटुंबाच्या रचनेवर परिणाम झाला का?

कागदावर मोठा. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून, त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्या मुली वगळता बाकी मुलींना हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

प्रत्यक्षात बहिणी पुष्कळदा हक्कसोडपत्रावर सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. पण आता सही मागावी लागते. तलाठ्याकडे वारस लावताना बहिणींची नावं येतात, भावाला फोन करावा लागतो. महामार्गालगतच्या जमिनींना भाव आल्यापासून काही बहिणी 'बघू' म्हणायला लागल्या आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही.

रेशनकार्ड वेगळं केलं म्हणजे कुटुंब वेगळं झालं का?

नाही. सरकारी कागदांत कुटुंबाची एकच व्याख्या नाही. अंत्योदय कार्डावर धान्य कुटुंबामागे मिळतं, महिना ३५ किलो. तिथे वेगळ्या कार्डाला किंमत आहे. प्राधान्य गटात माणशी ५ किलो, तिथे कार्ड फोडून दाणाही वाढत नाही. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. आयकरात हिंदू अविभक्त कुटुंब वेगळंच. एका जेवणाच्या टेबलावर बसलेली माणसं चार कार्यालयांत चार तऱ्हेनं मोजली जातात. रेशनकार्डावरून घराचा निवाडा करू नये.

मुलं पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. एकट्या म्हाताऱ्यांचं काय?

गंगापूर रोडच्या इमारतींत संध्याकाळी जिन्यात भेटणारी माणसं बघितली की प्रश्न कळतो. बायका नवऱ्यापेक्षा वयानं लहान असतात आणि जास्त जगतात, म्हणून एकट्या घरांत बायका जास्त. पैशाची अडचण असेलच असं नाही. अडचण रात्री अकरा वाजता रिक्षात बसवून दवाखान्यात नेणाऱ्याची असते. डबा, कामाची बाई, वॉचमन, समोरचा फ्लॅट आणि रोजचा व्हिडिओ कॉल यांवर हे घर चालतं. माझ्या मते या पाचांनाही कुटुंबाच्या व्याख्येत थोडी जागा द्यायला हवी.

ज्यांच्याकडे मुलं बघतच नाहीत, त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाहविषयक कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि सज्ञान नातवंडांवरही जबाबदारी येऊ शकते. लोक लाजेनं अर्ज करत नाहीत, हा भाग वेगळा.

विभक्त कुटुंबामुळे संस्कार कमी झाले का?

हे मोजायचा फॉर्म मला कुणी दिला नव्हता.

माझ्या घराचा असा इतिहास मला काढता येईल का?

येईल, आणि जरूर काढा. १९६१, ७१, ८१ असं प्रत्येक जनगणनेचं वर्ष लिहा आणि एकच प्रश्न विचारा : त्या वर्षी या चुलीवर कोण कोण जेवत होतं? नुसतं 'कोण राहत होतं' विचाराल तर लोक प्रेमानं सगळ्यांची नावं घेतील.

आठवण अडली की कागद काढा. जुनी रेशनकार्डं, मतदारयाद्या, सातबाऱ्यावरचे फेरफार. लग्नपत्रिका तर फार बोलक्या : निमंत्रकांत कोणत्या काकांचं नाव आहे आणि कोणाचं गळलं, त्यावरून भाऊबंदकीची तारीख जवळजवळ काढता येते. आणि आपल्या गावाला एक सोय आहे जी फार थोड्या गावांना आहे : गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, रामकुंडाजवळ, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कुळाचे उपाध्ये सापडले, गाव आणि आडनाव सांगितलं, की आजोबा-पणजोबा कधी आले, बरोबर कोण भाऊ होते, हे सापडू शकतं. वह्यांत पुरुषांची नावं भरपूर, बायकांची कमी. ती उणीव घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारूनच भरावी लागेल, आणि ते काम लवकर करा.

२०२७ च्या जनगणनेत पुण्यात नोकरी करणारा मुलगा आमच्याकडे लिहायचा का?

२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे १६ वर्षांच्या खंडानंतर ही मोजणी होते आहे आणि हा प्रश्न आत्ताच येऊ लागला आहे. नेहमीचा नियम असा, की माणूस जिथे एरवी राहतो तिथे मोजला जातो. मुलगा पुण्यात राहतो, शनिवार-रविवारी येतो, तर तो पुण्यात. वसतिगृहातली मुलगी वसतिगृहात. प्रगणकानं विचारलं तर 'आमचाच आहे' असं म्हणून नाव घालू नका, तो दोनदा मोजला जाईल. तुमच्या आईला हे पटणार नाही. तिला सांगा, फॉर्म सरकारचा आहे, रेशनकार्डावर नाव राहू दे.